गिरजाबाईची पांदण

माझं काम काय होतं, हे माझ्या सख्ख्या भावाला शेवटपर्यंत समजलं नाही. पाहुण्यांत ओळख करून देताना तो म्हणायचा, "आमची नलू अपंगांना शिकवते." मी म्हणायचे, "दादा, अपंगांना नाही रे, धडधाकटांना शिकवते." मग पाहुणे भावाकडे बघायचे, भाऊ माझ्याकडे बघायचा आणि वहिनी पोहे आणायला उठायची.

तेव्हा आधी कामच सांगते. यवतमाळात आमची एक लहानशी संस्था होती. अपंग माणसांना शाळेत, बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात, बाजारात इतरांसारखं वावरता यावं म्हणून त्या त्या ठिकाणच्या लोकांना तयार करायचं, हे माझं काम. पायरीशेजारी उतार किती लांब हवा, ऐकू न येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना तोंड त्याच्याकडे का ठेवायचं, आंधळ्या माणसाला हात धरून ओढायचं नाही, आपला कोपर त्याला धरू द्यायचा, अशा साध्या साध्या गोष्टी. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, हात लावायच्या आधी विचारायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, यात शिकवायचं काय? पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं.

एका एसटी आगारात ड्रायव्हर-कंडक्टरांचा वर्ग घेत होते. एक कंडक्टर उभा राहून छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, आमच्या गाडीत अपंगाले काईच तरास नाई. आमी त्याले सरळ उचलून सीटवर ठेवतो. पोतं ठेवावं तसं."

"त्याला विचारता का?"

"कोनाले?"

"ज्याला उचलता त्याला."

सगळी खोली हसली. मी मागच्या बाकावरच्या दोन दांडग्या ड्रायव्हरांना म्हटलं, "उचला हो याला जरा. त्याला काही विचारू नका." ते तयारच होते. त्यांनी त्याला काखेत आणि गुडघ्यात धरून उचललं आणि माझ्या टेबलावर बसवलं. तो खाली उतरला, शर्ट खोचला, पण हसला नाही. "बाप्पा, लय कसंतरी वाटते हो," एवढंच म्हणाला आणि जाऊन बसला. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा तो त्या दिवशी चांगला बोलला.

दिग्रसचे एक जिनिंगवाले शेठ तर भलतेच. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे अपंग माणूस आहेच कुठे? तुम्ही उगाच उन्हातान्हात आल्या." आणि गेटवर मला पाणी देणाऱ्या चौकीदाराचा डावा हात कोपरापासून नव्हता. मी तसं म्हटल्यावर शेठ चकित झाले. "तो? तो तर आपला महादू आहे! तो कायचा अपंग?" महादूने मागून शेठला सुनावलं, "मंग हात माहा काय तुमच्या घरी ठेवला हाय?" दोघंही खो खो हसले. मी वर्ग न घेताच परत आले. तिथे मी काय शिकवणार होते?

आमच्या लोकांची नावंही माझ्यादेखत बदलत गेली. आधी अपंग, मग विकलांग, मग दिव्यांग. पायऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

या कामात एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. ती म्हणजे एकटेपण. दिवसभर पन्नास माणसांसमोर बोलायचं आणि संध्याकाळी बोलायला एकही माणूस नाही. थकलेलं अंग घेऊन एखाद्या बसस्टँडवर बसायचं, डब्यातली सकाळची पोळी खायची आणि कळंबकडून येणारी गाडी यवतमाळला जाईल की डेपोत शिरेल याची वाट बघायची. लग्न मी केलं नाही. आई होती तोवर घरी कोणीतरी "जेवलीस का" विचारायचं. ती गेल्यावर मी भावाच्या घरासमोर दोन खोल्या घेऊन राहिले. भाऊ-वहिनी चांगली होती. इतकी चांगली की मी त्यांच्याकडे गेले की चांगल्या कपात चहा यायचा.

असो. मला सांगायचं आहे ते गिरजाबाईचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. पाऊस दगा द्यायचा, बोंडात अळी पडायची, आणि एवढं करून घरात आलेल्या कापसाला भाव नसायचा. गावोगाव जीपगाड्या फिरायच्या. कोणी शहरातून यायचं, कोणी कॅमेरा घेऊन यायचं. खांद्याला पिशवी लावलेली मी एकटी बाई बसमधून उतरले की पारावरची माणसं दबक्या आवाजात विचारायची, "कोनाच्या घरी गेलं, मॅडम?" कोणी मेलं असेल तरच बाहेरचं माणूस गावात येणार, असं झालं होतं. मी म्हणायचे, "कोणी नाही हो गेलं. मी दुसऱ्या कामाची आहे." त्यांना हायसं वाटायचं आणि मग माझ्यातला त्यांचा रसही संपायचा.

फुलसावंगीच्या अलीकडे उतरून आत चालत जावं लागायचं, असं ते गाव. तिथल्या सरपंचांनी ग्रामपंचायतीला उतार बांधला होता आणि तो पाहायला मला बोलावलं होतं. उतार खरंच चांगला होता. फक्त त्याच्या अर्ध्या भागात दोन मोटारसायकली उभ्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यात कोणीतरी तूर वाळत घातली होती.

"कोणासाठी बांधला?" मी विचारलं.

"आमच्या गिरजाबाईसाठी," सरपंच म्हणाले. "बिचारी खाटेवर हाय. तुमच्याच संस्थेनं तिले चाकाची खुर्ची देल्ली ना."

आम्ही तिच्या घरी गेलो. मातीच्या भिंतीचं, टिनाचं छप्पर असलेलं घर. ओसरीत खाट, खाटेशेजारी आमची व्हीलचेअर, तिच्यावर घडी घातलेली गोधडी. खुर्चीचा उपयोग काय चाललाय ते कळलंच. गिरजाबाई चाळिशीची असेल. रुंद कपाळ, मोठा आवाज, आणि कमरेखाली सगळं निर्जीव. सरपंचांनी उताराचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलं. पन ग्रामपंचायतीत माहं काय काम हाय?"

मी विचारलं, "मग तुम्हाला कुठे जायचं आहे?"

"वावरात," ती म्हणाली. विचार करायला तिला एक क्षणही लागला नाही.

सरपंच हसले. "आता वावरात कुठी रॅम्प बांधता, बाई!"

ती हसली नाही. पुढे मी एकटी तिच्याकडे जात राहिले तेव्हा तिने सगळं सांगितलं. पडण्याआधी गावातल्या वेचणीच्या बाया तिच्या हाताखाली असायच्या. कोणाच्या वावरात कधी जायचं, कोणत्या बाईने कोणती ओळ धरायची, सगळं ती ठरवायची. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्या भागात वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी दगड मांडून त्यांना हळद-कुंकू वाहायचं, पहिल्या बोंडाच्या कापसाची वात लावायची, दही-भाताचा नैवेद्य दाखवून तो वावरात शिंपायचा आणि मग वेचायला सुरुवात करायची. ही पूजा गावात बहुतेक वावरांत गिरजाबाईच्या हातची असायची. तिच्या हाताला बरकत आहे, असं लोक मानायचे.

एका वर्षी कापसाने भरलेल्या बंडीवर वर बसून ती घरी येत होती. वावराकडून गावाकडे येणाऱ्या पांदणीत, म्हणजे बंडीवाटेत, पावसाळ्याच्या चिखलात चाकोऱ्या पडतात आणि उन्हाने त्या दगडासारख्या वाळतात. बंडीचं चाक तशा एका चाकोरीत गेलं, बंडी कलली आणि ती वरून पडली. तेव्हापासून ती ओसरीत होती. तिचा नवरा नामदेव भला माणूस. सकाळी तिला उचलून बाहेर आणायचा, संध्याकाळी आत न्यायचा. चार लोकांपुढे मात्र ती त्याला हात लावू द्यायची नाही. वावरात जायचं तर उचलूनच न्यावं लागेल, म्हणून ती जातच नव्हती.

"जीपगाड्या येतात गावात," एकदा ती मला म्हणाली, "त्या मेलेल्याच्या घरी जातात. मी जिती हाय ना, म्हनून माह्या घरी कोनी येत नाई."

मी गावातल्या बायांचा वर्ग घ्यायचं ठरवलं. मला तेवढंच येत होतं.

मारुतीच्या देवळासमोर बाया जमल्या. मी जीव तोडून बोलले. लंगडी, पांगळी, असं कोणाला म्हणू नका. आपल्यातलं माणूस घरात पडलं म्हणून त्याला विसरू नका. सणावाराला, कार्याला त्याला सामील करून घ्या. मानाने वागवा. सगळ्यात पुढे सुमन बसली होती. गिरजाबाईची शेजारीण. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन त्या गावात आलेल्या, आणि गिरजाबाई पडल्यापासून वेचणीच्या बाया सुमन सांभाळायची. तिने डोळ्यांना पदर लावून सगळं ऐकलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, आमचं चुकलंच. आता पाहा तुमी."

दिवाळीनंतर निरोप आला की गिरजाबाईच्या घरी सीतादही आहे, मॅडमने यावंच.

घरी? मला वाटलं निरोप्याची काहीतरी गफलत झाली असेल. पण गेले तर खरंच घरीच होतं. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. मध्यभागी तेलाचा रिकामा टिनाचा डबा, त्यात काळी माती भरलेली, आणि त्यात मुळासकट उपटून आणलेली एक पऱ्हाटी. बोंडं फुटलेली, अंगाखांद्यावर कापूस लोंबत असलेली. बायांनी गिरजाबाईची खुर्ची तिच्यासमोर आणून ठेवली. प्रत्येकीने वाकून नमस्कार केला. सुमन म्हणाली, "गिरजाबाई, तुमाले वावरात येनं होत नाई, म्हनून वावरच घरी आनलं. करा पूजा."

गिरजाबाईने पूजा केली. बोंडातला कापूस काढला, त्याची वात वळली. वळताना तिची बोटं किती झरझर चालत होती! मग दही-भाताची मूठ हातात घेतली आणि तशीच थांबली. शिंपणार कुठे? अंगणात कोंबड्या फिरत होत्या. तिने तो भात हळूच डब्याच्या मातीवर ठेवला आणि रडायला लागली.

बायाही रडल्या. त्यांना वाटलं, आनंदाने रडते आहे. सुमनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू म्हणत होती, पाहा, तुमचं ऐकलं ना? त्या खरंच जीव ओतून वागल्या होत्या. कोणाला दोष देणार?

बाया वावरात गेल्या. मी ओसरीत बसून राहिले. डब्यातल्या पऱ्हाटीने दुपारपर्यंत मान टाकली. गिरजाबाईने तिचं एक पान बोटांत धरून पाहिलं. मग एकदम म्हणाली, "मॅडम, तुमी काय सांगतलं हो या बायाइले?"

"का? काय झालं?"

"माह्याशी कोनी भांडत नाई आता."

मला आधी कळलंच नाही.

"आधी सुमन दारातून जाताना बोंबलायची, ओ गिरजे, मेली का जिती हायस? मी म्हनायची, तुह्या तेरवीचं जेवल्याशिवाय मरत नाई. मंग थे घडीभर टेकायची, चार शिव्या द्यायची, चार खायची. आता येते, पाया पडते, 'गिरजाबाई, तुमची तब्येत कशी हाय' म्हन्ते, अन् जाते. मी काय मेलेली सासू हाय का हो तिची?"

मी हसायला गेले, पण तिचं तोंड पाहून हसू आलं नाही.

"वावरात बाया कशा बोलतात, तुमाले मालूम नाई," ती म्हणाली. "दिवसभर वेचताना कोनाची इज्जत ठेवत नाई. थे बोलनं ऐकलं नाई तं मले जेवन जात नाई. आता सारे गोड बोलून राह्यले. मी मेली नाई तरी माहं मरन झालं."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून बसले होते. मला भावाच्या घरचा चांगला कप आठवत होता. लहानपणी दादा आणि मी कैरीच्या गोडंब्यासाठी एकमेकांचे केस उपटायचो. आता तो मला "घे ना, नलू, घे ना" म्हणतो आणि मी "पुरे पुरे" म्हणते. शेवटचं भांडण कधी झालं, तेही आठवेना. गिरजाबाईचं बोलणं मला समजलं होतं, याचंच मला वाईट वाटलं.

तिला वावरात जायचं होतं, स्वतःच्या चाकांवर जायचं होतं, आणि जुन्या गिरजेसारखं जायचं होतं. तिथे माझं एकही भाषण कामाचं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी बाजाराच्या दिवशी गेले. त्या दिवशी वेचणी बंद असते. बायांना गिरजाबाईच्याच अंगणात बोलावलं आणि म्हटलं, "आज मी बोलणार नाही. आज गिरजाबाई बोलणार."

बाया हात जोडून बसल्या. गिरजाबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती सुमनवर थांबवली.

"सुमन, माह्या वावरात यंदा कोनं वेचलं व?"

"आमीच वेचलं, बाई."

"तो कापूस हाय का कचरा? अर्धी पाती अन् किडकी बोंडं. घरात ढीग पडला तवा मले शरम वाटली."

आमच्याकडे वेचणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा घाव नाही. स्वच्छ वेचणं ही तिची अब्रू. सुमनचं तोंड लाल झालं, पण ती शिकवल्याप्रमाणे मऊच बोलली, "असन बाई. झालं असन आमच्याकून."

"असन काय? तोंड शिवलं का तुहं? आंधयी होऊन वेचत होती का?"

सगळ्या बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं. असले शब्द वापरायचे नाहीत, असं मीच देवळासमोर सांगितलं होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले.

आणि मग सुमन उठली. "ये गिरजे!" तिचा आवाज तीन घरं ओलांडून गेला असेल. "लय ऐकून घेतलं तुहं! अळीनं सारं वावर खाल्लं, त्यातलं आमी बोंड बोंड वेचून आनलं, अन् तू ओसरीत बसून नावं ठेवतं? एवढी हुशार हाय तं ये ना वावरात! वेचून दाखव! कोनं अडवलं तुले?"

"पांदनीनं अडवलं!" गिरजाबाई तितक्याच मोठ्याने ओरडली. "तिनं माही कंबर नेली अन् तीच मले जाऊ देत नाई. तुमी रोज तिच्यातून जाता ना व? एकीच्या तरी मनात आलं का, इथून गिरजा कशी येईन म्हनून?"

"मंग बोलली काहून नाई इतके दिस? वावराचं नाव काढलं तं तुले रडू येईन म्हनून आमी दारातून जाताना चूप जातो!"

"म्हनून टिनात पऱ्हाटी लावून देल्ली मले? पोट्ट्याइच्या खेळावानी?"

"तुह्यासाठीच लावली ना, मेले! वावरातली सारी चांगली पाहून उपटली!" सुमन बोलता बोलता रडायलाच लागली. "अन् तू म्हनतं कचरा वेचला!"

आता या दोघी जन्मभर एकमेकींचं तोंड पाहणार नाहीत, असं मला वाटलं. गिरजाबाईने पदराने नाक पुसलं.

"आत्ता कशी बोलली," ती म्हणाली. "बस आता खाली. च्या पिऊन जा."

सुमन बसली. पण चहा होईपर्यंत तोंड फिरवूनच बसली.

मी सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, रॅम्पचं काम रॅम्पचं. पांदनीसाठी वेगळं मंजूर होऊन यावं लागते. अन् हे साल असं, लोकाइच्या घरात खायाले नाई, पांदन कोन पाहते?" त्यांचंही खोटं नव्हतं. रस्त्याच्या कामातून उरलेला मुरुमाचा एक मोठा ढीग पांदणीच्या तोंडाशी पडला होता. मी तो दाखवला. "न्या बाप्पा," ते म्हणाले. "पन टाकीन कोन?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी यवतमाळला परतले. मधे बरेच दिवस दुसऱ्या तालुक्यात काम निघालं. पुन्हा गेले तेव्हा सकाळची वेळ होती, वेचणीच्या बाया वावरात निघाल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपलं. मला वाटलं, कापसासाठी असेल. जवळ गेले तर टोपल्यात मुरूम. ढिगापाशी थांबून प्रत्येक बाई एक टोपलं भरून घ्यायची, जिथवर कालचा मुरूम पडला होता तिथे नेऊन चाकोरीत रिकामं करायची आणि पुढे आपल्या वावरात जायची. हे सुमनने सुरू केलं होतं. "कामाले जाताना रिकामी बाई दिसली नाई पायजे," असा तिचा दम होता. ज्यांचं वावर दुसरीकडे होतं, त्याही वळसा घालून यायच्या. मागून येणाऱ्या बंड्यांच्या चाकांनी मुरूम आपोआप दबत होता.

मी सुमनला म्हटलं, "फार चांगलं करताय हो."

"चांगलं काय त्यात?" ती फणकाऱ्याने म्हणाली. "थे मले कचरा वेचते म्हन्ते. आता येऊ दे तिले वावरात. पाहतो किती स्वच्छ वेचते तं."

वेचणी संपली, उन्हाळा गेला. पुढचा पावसाळा त्या मुरुमावर पडला. काही जागी तो वाहून गेला, बायांनी पुन्हा टाकला. नामदेवने सगळ्यात वाईट जागी दगड बसवले. गिरजाबाई गल्लीत खुर्ची चालवायचा सराव करायची. हाताला घट्टे पडले होते. खुर्चीवरची गोधडी आता खाटेवर गेली होती.

आणि सीतादहीचा दिवस उजाडला. निरोप आला नव्हता. मी तारीख विचारून विचारून स्वतःच गेले. पोचले तेव्हा ती निघाली होती. पुढे ती, मागे नामदेव, पण त्याने खुर्चीला हात लावलेला नव्हता. चढाच्या जागी चाकं थांबली तेव्हा त्याने नुसतं विचारलं, "लावू का?" ती म्हणाली, "थांब जरा." दम घेतला, पुन्हा जोर लावला. एका जागी नाहीच जमलं, तेव्हा म्हणाली, "लाव." जिथे तिची बंडी कलली होती, तिथे ती थांबली नाही. मी मात्र थांबले.

वावर काही बघण्यासारखं नव्हतं. त्याही वर्षी पाऊस मधेच उघडला होता, पऱ्हाट्या गुडघ्याएवढ्या राहिल्या होत्या. सुमनने पूजेचे दगड धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या उंच बांधावर, मांडले होते. खुर्चीतून हात बरोबर पोचत होता. गिरजाबाईने पूजा केली. दही-भाताची मूठ भरली आणि खांद्यातून हात फिरवून अशी भिरकावली की शितं पार दूरवर पडली. मग वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली आणि धुऱ्याला लागून असलेली पहिली ओळ धरली.

बाया वेचायला लागल्या. सुरुवातीला सगळ्या गप्प होत्या. एवढं सगळं करून इथेही पुन्हा तेच, नमस्कार आणि तब्येतीची चौकशी?

सुमनने मान वर न करता विचारलं, "काव गिरजे, बसून बसून किती जाडी झाली व तू! खुर्चीचे चाक वाकून राह्यले."

"तुह्या डोक्यातून तं बरेच सरळ हाय," गिरजाबाई म्हणाली. "अन् ते मागचं बोंड कोनासाठी सोडलं? सासूसाठी?"

मग जे सुरू झालं ते इथे छापता येणार नाही. नामदेव कानाला हात लावून दुसऱ्या वावरात निघून गेला. बाया हसून हसून ओळीत बसकण मारत होत्या. गिरजाबाई सगळ्यांत मोठ्याने हसत होती, आणि हात एकदाही थांबत नव्हते.

मी धुऱ्यावर उभी होते. हसत होते, डोळे पुसत होते. इतक्या गावांत मी गेले, सगळीकडे मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, शाल-नारळ मिळाला. त्या बायांच्या ओळीत जाऊन उभं राहावं, असं मला त्या दिवशी फार वाटलं. मी एक पाऊल टाकलंही असेल. तेवढ्यात गिरजाबाईचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"ओ मॅडम, उभ्या काय राह्यल्या? वेचता येते का तुमाले?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मंग घरी जा, माय. आमाले काम हाय."

बाया पुन्हा हसल्या. मीही हसले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला असं कोणी हाकललं नव्हतं, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. पिशवी खांद्याला लावून मी "येते हं" म्हटलं. ते कोणी ऐकलं नाही. पांदणीने परत येताना त्यांचे आवाज बरेच लांबपर्यंत मागे येत होते, मग तेही थांबले. फाट्यावर पोचले तेव्हा गाडी नुकतीच गेली होती.

त्या आनंदात मी फार एकटी होते, हे आता सांगायला हरकत नाही. या कामाचं असंच आहे. जमलं तर आपण तिथे नको असतो. मी पुढे त्या गावाला कितीदा तरी निरोप पाठवला, "काही अडचण असेल तर कळवा, मी येते." कधी काही कळवलं गेलं नाही. एकदा फुलसावंगीच्या बाजारात सुमन भेटली. गिरजाबाई कशी आहे, मला विसरली का, म्हणून विचारलं.

"नाई व, माय, इसरन कशी?" सुमन म्हणाली. "तिले टाइम नाई."